पौषातली फीत

यंदा पौष लागला आणि आमच्या गल्लीतले लाउडस्पीकर एकदाचे गप्प झाले. मार्गशीर्षभर कुणाच्या ना कुणाच्या मांडवातून गाणी कानांवर आदळत होती. आता महिनाभर लग्न नाही, वरात नाही, बँडवाले घरी बसून वाद्यं पुसत असतील. लोक याला भाकड महिना म्हणतात आणि काही मोठं ठरवायचं असलं की ‘पौष जाऊ द्या’ म्हणून बाजूला सारतात. मला हा महिना आवडतो असं म्हणवत नाही, पण त्याची वाट मात्र मी पाहते. दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसलं की दूरचे आवाज सुटे सुटे ऐकू येतात. कुणी पाणी शेंदतं, कुणी गोधडी झटकतं, कुणाची सायकल खडखडत उतारावरून जाते. मी डोळे मिटून ऐकत असते आणि सून आत सांगते, आईंना झोप लागली.

परवा बुलढाण्याहून एसटीनं खामगावला गेले. कापसाच्या गाड्या चालू झाल्या होत्या, त्यामुळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला. गाडीतून उसवून आलेले पुंजके काट्यांना अडकून बसतात, ते उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात. दर वर्षी दिसणारी गोष्ट आहे, तरी मी दर वर्षी हट्टानं खिडकी धरते. आणि दर वर्षी मला एका हंगामातले वानखडे सर आठवतात. मी चित्रकलेची विद्यार्थिनी. मला आठवायला हवेत रंग. मी आठवायला जाते तो एक आवाज, आणि तो काही केल्या मला आठवत नाही.

तेव्हा महाराष्ट्र नवा होता. आमच्या जिल्ह्यानं जागचं न हलता मध्य प्रदेश, मुंबई आणि मग महाराष्ट्र असे तीन पत्ते पाहिले होते. शाळांच्या भिंतींवरच्या नकाशांतल्या जुन्या हद्दी खोडून नव्या काढायचं काम चित्रकलेच्या पोरांकडं यायचं. मी धामणगाव बढ्याहून खामगावला आत्याकडं राहायला आले होते, ड्रॉइंग मास्तरणीचा डिप्लोमा करायला. आमचा वर्ग सरकीच्या एका वखारीच्या माडीवर भरायचा. खाली सरकीची पोती, वर आम्ही. हंगाम सुरू झाला की हवेत कापसाची तूस तरंगायची आणि ओल्या जलरंगावर येऊन बसायची. त्या वर्षीच्या आमच्या सगळ्यांच्या आभाळांमध्ये कापूस आहे. परीक्षकांना ते ढग वाटले असतील तर बरंच.

वानखडे सर आम्हाला अक्षरलेखन शिकवायचे. तिशी नुकती ओलांडलेली, अंगानं बारीक, कायम मफलर. ते म्हणायचे, ‘अक्षर काढू नका. दोन अक्षरांच्या मधली जागा काढा, अक्षर आपोआप येतं.’ आम्हाला आधी हे काही कळायचं नाही. मग एखाद्या दिवशी पाटी रंगवताना अचानक मधली जागा दिसायची आणि नंतर ती दिसायची थांबायचीच नाही. दुसरी त्यांची शिस्त कच्च्या रेघेची. आधी पेन्सिलीनं हलकी कच्ची रेघ ओढायची, तिच्या आधारानं काम करायचं, आणि काम झालं की ती पुसून टाकायची. पूर्ण झालेल्या कामात कच्ची रेघ दिसली की सर काही न बोलता कागद परत द्यायचे.

सर कविताही करायचे. कुठल्या तरी गावाहून चारदोन मित्र एक चक्रमुद्रित अंक काढायचे, निघाला तर निघाला, त्यात त्या यायच्या. त्या कवितांत कागद जास्त आणि शब्द कमी. एक कविता आमच्या वर्गात हातोहात फिरली होती, तिची सुरुवात अशी होती:

एक हात
रुमालाखाली

          दुसऱ्या हाताला
विचारतो

                    किती राहिलं

पुढंही दोन पानं असंच. चार शब्द, मग मोकळा कागद, मग दोन शब्द. आमच्या कापूसबाजारात जुने अडते अजून रुमालाखाली सौदा करायचे. विकणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात रुमालाखाली एकमेकांत जायचे, बोटं दाबून भाव सांगितला जायचा, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना काही म्हणता काही कळायचं नाही. ती गोष्ट सरांनी कवितेत आणली होती. सरांच्या शेजारी राहणाऱ्या तलाठ्यांनी ती वाचून विचारलं होतं, ‘मास्तर, बाकीची छापाची राह्यली का?’ सर म्हणाले, ‘बाकीची तुमच्यासाठी ठेवली.’ तलाठी खूश होऊन गेले.

दसऱ्यापासून सरांचा आवाज बसला होता. खडूनं असेल, थंडीनं असेल, असं सगळे म्हणायचे. काढे झाले, ज्येष्ठमध झालं. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. संक्रांतीनंतरची तारीख मिळाली. सरांनी हे आम्हाला वर्गात सांगितलं, सुट्टीची सूचना सांगावी तसं, आणि पाठ करून फळ्यावर ‘श्र’ काढायला लागले. वर्गात कुणीच पेन्सिल उचलली नाही. मी त्या फळ्याकडं बघत राहिले आणि मला फक्त भीती वाटली.

वर्गाचं वार्षिक प्रदर्शन पौषाच्या शेवटी असायचं. सरांनी त्या वर्षी विषय दिला, आवडत्या कवितेवर काम करा. माझ्या बाजूला रशीद बसायचा. त्याच्या घरी गाद्या भरायचा, कापूस पिंजायचा धंदा. हात असा की एका रेघेत बैल काढायचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मले तुमची ती रुमालाची कविता पाह्यजे. पण तिचं चित्र मी नाई काढत.’

‘का रे?’ सर म्हणाले.

‘ती आधीच चित्र हाये ना सर. पुन्हा काऊन काढाची? मी तिचे आवाज काढतो.’

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, आवाज कशात भरणार? रशीदनं ते आधीच ठरवलं होतं. त्याचे मामू लग्नाला लाउडस्पीकर भाड्यानं देत आणि त्यांनी हौसेनं मुंबईहून एक टेपरेकॉर्डर आणला होता, मोठ्या पेटीएवढा, वर दोन चकत्या. एरवी त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, पण पौषात लग्नं नाहीत म्हणून यंत्र रिकामं. पौष संपला की परत. फीत एकच होती, यंत्राबरोबर आलेली. सरांनी मलाही रशीदच्या जोडीला घातलं, बहुधा माझ्या जलरंगाचं आभाळ पाहून.

काम कसं करायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळं आम्ही चित्रासारखंच केलं. आधी कच्ची रेघ. सरांनी कविता एकदा, त्यांच्या गतीनं, मोकळ्या जागांसकट वाचली आणि ती फितीत भरली. मग आम्ही फितीच्या पाठीवर मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या: इथं शब्द, इथं मोकळी जागा. त्या यंत्राची एक रीत होती. एखाद्या जागी नवा आवाज भरला की तिथला जुना आपोआप पुसला जाई. आम्ही मोकळ्या जागांमध्ये गावाचे आवाज भरायचे आणि शब्द तसेच ठेवायचे, असं ठरलं. म्हणजे सध्यापुरते तसेच.

ते दिवस मला फार सुखाचे वाटतात आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटते, कारण सर आजारी होते. आम्ही ते अवजड यंत्र सायकलरिक्षात घालून जिथं वीज मिळेल तिथं हिंडवायचो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये गेलो तेव्हा धडधडीनं रशीद काय बोलतो ते ऐकू येईना आणि आम्ही खुणांनी भांडलो. वजनकाट्यापाशी मापारी पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, तो लांबवलेला ‘लाभ’ आम्ही घेतला. रशीदच्या अब्बांनी पिंजणाची तात छेडून दिली, पण समोर कापूस ठेवूनच. रिकाम्या हवेत तात वाजवायची नाही, असं त्यांच्या घरात होतं. जवळची वस्तू गडद, लांबची फिकी, हे चित्रातलं शहाणपण आम्ही माइक जवळ-लांब धरून वापरलं. आणि रुमालाचा सौदा? तिथं तर आवाजच नाही. रशीद हट्टानं अडत्याच्या दुकानातून वायर ओढून माइक रुमालापाशी घेऊन गेला. अडते दचकले, मग म्हणाले, ‘याच्यात भाव आयकू येते का बे?’ आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी धरू दिला. घरी येऊन ऐकलं तर रुमालाखालून कापड घासल्याचा अगदी बारीक आवाज आला होता आणि मागं बाजार. सरांनी तो तुकडा तीनतीनदा ऐकला. ‘हे माझ्या कवितेपेक्षा बरं आहे,’ असं ते म्हणाले, आणि त्यांना खोटं कौतुक करायची सवय नव्हती.

गावाचे आवाज भरून झाल्यावर एका दुपारी आम्ही फीत सरांच्या घरी लावली. दोन खोल्यांचं घर. कमलवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांची मुलगी वासंती, घरात वासू म्हणायचे, रांगती होती आणि फिरत्या चकतीकडं झेपावत होती. मी तिला धरून बसले. फीत सुरू झाली. सरांचा आवाज आला, ‘एक हात’, मग जिनिंग. ‘रुमालाखाली’, मग रुमाल. आवाज बसका होता, मधेच चिरायचा, पण सरांचाच होता. वासू माझ्या हातात एकदम स्वस्थ झाली. तिनं यंत्राकडं पाहिलं, मग सरांकडं.

फीत संपली तशा कमलवहिनी म्हणाल्या, ‘हे लय चांगलं केलं बाप्पा तुमी पोट्ट्यायनं. पोरगी मोठी झाली म्हंजे तिले आयकवता येईन, तिचे बाबा कसे बोलत ते.’

आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. कारण आम्हाला ठाऊक होतं. सर सावकाश म्हणाले, ‘हे नाही राहणार, कमल. माझं वाचन ही कच्ची रेघ आहे. आता पुसायची.’

‘पुसाची? काऊन?’

‘शब्दाच्या जागी शांतता राहिली पाहिजे. तीच कविता आहे. आणि माझा आवाज ठेवला तर लोक कविता ऐकणार नाहीत, माझा घसा ऐकतील. हळहळतील आणि घरी जातील.’

‘लोकायचं मले नोका सांगू,’ वहिनी म्हणाल्या. ‘लोक एक दिवस आयकतीन. मी घरात काय आयकू?’

रशीद चुळबुळला आणि म्हणाला, ‘सर, मी अकोल्याहून दुसरी फीत पाह्यतो. तिच्यात घरच्यासाठी बोला तुमी. ही आपली पुसून टाकू.’ सर ‘पाहू’ म्हणाले. त्या ‘पाहू’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

मी कपबशा घेऊन आत गेले. वहिनी चुलीशी आल्या, मागोमाग सर आले. मी तिथं आहे हे त्यांना दिसत होतं, तरी ते थांबले नाहीत. त्यांचं वर्गातलं बोलणं आणि घरातलं बोलणं वेगळं होतं. ‘कमल,’ ते म्हणाले, ‘हा माह्या आवाज राह्यला का आता? माह्या आवाज तुले ठाऊक हाये. हा फाटका आवाज पोरीनं बापाचा म्हणून ध्यानात ठेवाचा?’

‘फाटका तं फाटका,’ वहिनी म्हणाल्या. ‘मी काय नवा मागून राह्यली?’

वहिनींनी चहा गाळला आणि मला कप दिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि निघताही येईना.

दुसऱ्या दुपारी सरांनी स्वतःच फीत पुसली. रशीद म्हणाला होता, मी पुसतो सर. सर म्हणाले, रेघ ज्यानं ओढली त्यानंच पुसावी. माइकची वायर काढून ठेवली, म्हणजे फितीत नुसती शांतता भरली जाईल. सर खुणेपर्यंत फीत आणायचे, खूण बरोबर आहे ना हे बघायला तेवढा शब्द एकदा वाजवायचे, मागं घ्यायचे आणि लाल बटण दाबायचे. त्यामुळं प्रत्येक शब्द जाण्याआधी एकदा ऐकू आला. ‘दुसऱ्या हाताला.’ बटण. ‘विचारतो.’ बटण. कमलवहिनी उंबऱ्यात पाठ करून शेंगा सोलत होत्या. शब्द वाजला की त्यांचे हात थांबायचे, बटण दाबलं की परत चालू व्हायचे. त्या एकदाही वळल्या नाहीत. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो आणि कुणीच कुणाला थांबवलं नाही.

मी कुणाच्या बाजूची होते, असं मला पुढं अनेकांनी विचारलं आहे. तेव्हा मला सर बरोबर वाटले होते. वीस वर्षांची होते, कलेसाठी काहीतरी सोडावं लागतं हे नुकतंच कळलेलं, आणि सोडणारा माणूस डोळ्यांसमोर होता. मला पहिलं मूल झालं तेव्हा एका रात्रीत मी वहिनींच्या बाजूला गेले. आता या वयात दोघंही बरोबर वाटतात, आणि तसं वाटून काही सुटत नाही. कविता सरांची होती. आवाज मात्र एकट्या सरांचा नव्हता. तो त्या दोन खोल्यांत रोज वापरात असलेला होता, तांब्या-पेल्यासारखा. आणि तरीही आपला तुटका आवाज मागं राहू नये असं एखाद्याला वाटलं तर त्याला काय म्हणायचं? मी पुढं तीस वर्षं शाळांमधून चित्रकला शिकवली. मुलांना कच्ची रेघ पुसायला सांगताना माझा हात कधीकधी अडायचा, आणि काही कागद मी रेघेसकट ठेवून घेतले.

प्रदर्शन संक्रांतीनंतर दोन दिवसांनी झालं. माडीवर चित्रं लावली होती, मधोमध टेबलावर यंत्र. गावातले बरेच लोक आले, काही चित्रांसाठी, बरेच यंत्रासाठी. फीत सुरू झाली. सुरुवातीलाच शांतता, कारण कवितेची सुरुवात शब्दानं होती. मग जिनिंगची धडधड, मग परत शांतता. मागून कुणी तरी म्हणालं, ‘मशीन बंद पडली का बे?’ रशीद म्हणाला, ‘नाई काका, चालू हाये.’ हसणं उसळलं. तिसऱ्या-चौथ्या शांततेपर्यंत ते थांबलं. आता लोक वाट पाहू लागले होते, आणि वाट पाहता पाहता त्यांना माडीखालची पोती ओढल्याचा आवाज, कुणाच्या बांगड्या, कुणाचा खोकला असं सगळं ऐकू येऊ लागलं असावं. संपल्यावर टाळ्या नीट वाजल्या नाहीत. लोक उगाच थोडा वेळ उभे राहिले. सर कोपऱ्यात मफलर तोंडावर ओढून बसले होते. त्यांना हवं होतं तसंच झालं होतं. कमलवहिनी आल्या नव्हत्या. पोरीला ताप आहे, असा निरोप होता.

त्याच आठवड्यात सर मुंबईला निघाले. खामगावहून जलंबपर्यंत आमची फाट्यावरची छोटी गाडी, पुढं मेल. आम्ही सगळा वर्ग स्टेशनवर गेलो. पोरं उगाच काहीबाही विचारत होती, सर, पुढच्या वर्षी कुठला कागद घेऊ, सर, अकोल्याचं दुकान बरं की नागपूरचं, आणि सर सगळ्यांना उत्तरं देत होते. आम्ही असं का करतोय हे त्यांना कळत होतं. वहिनी वासूला घेऊन डब्यात बसल्या होत्या आणि खिडकीतून फक्त ऐकत होत्या. गाडी हलायच्या आधी सर मला म्हणाले, ‘सुमन, तुझा क अजून पोटात जड आहे.’ एवढंच. वाक्य मला अक्षर न् अक्षर आठवतं. स्टेशन आठवतं, वहिनींचं निळं पातळ आठवतं. ते वाक्य ज्या आवाजात आलं तो आवाज मी आजवर कितीदा तरी शोधला. तिथं नुसती जागा आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं, नुसतं वाईट, बाकी काही नाही.

उन्हाळ्याअखेर सर परत आले. गळ्याशी पांढरं फडकं, हातात दगडी पाटी. शिकवू लागले. फळ्यावर लिहायचे, पाटीवर लिहायचे, आणि त्या वर्षीच्या पोरांचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं झालं असं सगळे म्हणायचे. तलाठी आता त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू सरांचे कान गेले होते. सर पाटीवर लिहायचे, ‘हळू बोला’, आणि तलाठ्यांना पाटी दाखवून हसायचे. कविता लिहितात का, हे आम्ही विचारलं नाही. दुसरी फीत रशीदनं आणली नव्हतीच. आणून काय करणार होता?

मग परत पौष आला. मामूंचं यंत्र रिकामं झालं; आमची फीत रशीदनं वर्षभर तशीच जपून ठेवली होती. मी डिप्लोमा होऊन खामगावातच एका शाळेत लागले होते. एक दिवस कमलवहिनी बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘सुमन, ती तुमची फीत घेऊन या वं एक डाव. मले आयकाची हाये.’ मला बरं वाटलं नाही. वाटलं, आता कशाला. पण ज्या बाईनं वर्षभर त्या फितीचं नाव काढलं नव्हतं तिला नाही कसं म्हणायचं? रशीद आणि मी दुसऱ्याच दुपारी यंत्र घेऊन गेलो.

सर खाटेवर बसून मुलांचे कागद तपासत होते. यंत्र पाहून त्यांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी म्हणाल्या, ‘मीच बलावलं.’ आणि समोर भिंतीशी खाली बसल्या. वासू आता चालायची, चार शब्द बोलायची. वहिनींनी तिला मांडीवर घेतलं. तिची पाठ आईकडं, तोंड बापाकडं.

रशीदनं फीत चालू केली. पहिली शांतता आली आणि वहिनी म्हणाल्या, ‘एक हात.’

अगदी साध्या घरच्या आवाजात. रशीदनं दचकून माझ्याकडं पाहिलं. जिनिंगची धडधड आली, थांबली, आणि जिथं शब्दाची जागा होती तिथं, ना आधी ना नंतर, वहिनी म्हणाल्या, ‘रुमालाखाली.’ ती कविता त्यांनी वाचल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पण लिहिण्याआधी सर ती दोन खोल्यांच्या घरात महिनोन् महिने पुटपुटत होते. ती जाणार कुठं? त्या सरांसारखं बोलायला बघत नव्हत्या. फक्त सर जिथं थांबायचे तिथं थांबत होत्या आणि जिथं निघायचे तिथं निघत होत्या.

सरांनी हातातले कागद खाली ठेवले होते. त्यांचे ओठ हलायला लागले. आपण असं करतोय हे त्यांना कळत असेल असं वाटत नाही. वहिनींना ते दिसलं, आणि तिथून पुढं त्या त्यांच्या ओठांकडं बघून बोलू लागल्या. ओठ सरांचे, आवाज वहिनींचा. एकही शब्द मागंपुढं झाला नाही. पिंजणाची तात वाजली, मापाऱ्याचा लांब ‘लाभ’ आला, मधे मधे ते दोघं बोलत होते.

वासूला आईचं तोंड दिसत नव्हतं. तिला दिसत होते ते बाबांचे ओठ, आणि शब्द येत होते. तिला आठवतं तेव्हापासून तिनं त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ती मांडीवरच उभी राहिली, एक हात आईच्या खांद्यावर, आणि बोट दाखवून म्हणाली, ‘बाबा बोल्ले.’

वहिनींनी तिला ‘नाही’ म्हटलं नाही. उरलेले शब्दही तशाच म्हणाल्या, शेवटपर्यंत. फीत संपली आणि चकती रिकामी फिरत राहिली. सरांची पाटी खाटेवर शेजारीच होती, तिला त्यांनी हात लावला नाही. रशीदकडं पाहून त्यांनी बोट हवेत उलटं गोल फिरवलं, पुन्हा एकदा म्हणून. रशीदनं फीत मागं घेतली.